आढ्याला टांगलेलं जाळं

रविवार, ८ फेब्रुवारी २००९. सकाळी सव्वादहा वाजता पिंपळबोडीच्या समाजमंदिरात रीता केवळराम मारबते या एकोणीस वर्षांच्या मुलीला समाजाच्या बैठकीपुढे उभं करण्यात आलं आणि तिच्या हातात एक कागद देण्यात आला. कागदावर अकरा ओळी होत्या. त्या ओळींत एकही अक्षर नव्हतं. सगळे चौकोन होते.

"वाच," समाजाचे अध्यक्ष नथ्थूजी म्हणाले.

"याच्यात काही नाई, मामा," रीता म्हणाली. "नुसते डब्बे हायेत."

"ते मलेही दिसून राह्यले. तूच लिवलं ना? मंग कोन्त्या डब्ब्यात का हाये, ते तुलेच मालूम असन."

मागे बायका बसल्या होत्या. त्यांच्यातून कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

पिंपळबोडी ब्रह्मपुरीपासून चौदा किलोमीटरवर, वैनगंगेच्या अंगाला आहे. गावात मासेमारी करणाऱ्यांची शेहेचाळीस घरं आहेत. गावचा मोठा तलाव त्यांच्या संस्थेकडे लीजवर आहे आणि दर घरातला एक पुरुष संस्थेचा सभासद आहे. रीताचे वडील केवळराम हे त्यांतले एक. त्यांच्याकडे शेती नाही. समाजाबाहेर काढलेल्या माणसाला तलावात उतरता येत नाही, हा इथला जुना ठराव आहे. त्या रविवारी केवळरामचा तलाव राहतो की जातो, हे ठरायचं होतं.

रीता ब्रह्मपुरीच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. मंगळवारी आणि शुक्रवारी कॉलेज सुटल्यावर चारच्या बसपर्यंत तिला एक तास मिळायचा. तो ती एसटी स्टँडजवळच्या अमरच्या नेट कॅफेत घालवायची. आधी वहीत लिहायचं आणि मग इंग्रजी कळा दाबून पडद्यावर मराठी उमटवायचं, असं तिचं काम चालायचं. दिवाळीपासून तिने एक ब्लॉग चालवला होता. नाव 'तलावाकाठून'. खाली स्वतःचं नाव नव्हतं. पहिले चार मजकूर शिंगाड्याच्या वेलींबद्दल, पाणकोंबड्यांबद्दल, बसच्या वेळांबद्दल होते. ते किती जणांनी वाचले, हे बोटांवर मोजता आलं असतं.

पाचवा मजकूर तिने २० जानेवारीला टाकला. त्याचा दुवा कोणीतरी ऑर्कुटवरच्या समाजाच्या कम्युनिटीत नेऊन चिकटवला. ही कम्युनिटी पिंपळबोडीचाच मिथुन चालवत होता. तो नागपूरला कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता आणि कम्युनिटीत तीनशे बारा जण होते. दोन दिवसांत त्या दुव्याखाली चौसष्ट उत्तरं आली. 'समाजाची बदनामी थांबवा.' 'घरातलं घरात ठेवायला शिका.' 'आधी आपलं शिक्षण पूर्ण करा ताई.' तिसऱ्या दिवशी एकाने रीताचं नाव, तिच्या वडिलांचं नाव आणि गाव असं तिन्ही लिहिलं.

मिथुनने दुवा काढून टाकला. मग रीताला निरोप लिहिला: 'डिलीट मार. एक बटण दाबायचं आहे. विषय संपेल.'

तिने उलट लिहिलं: 'त्यात खोटं काय आहे ते सांग, तेवढं डिलीट करते.'

 मिथुनने थेट नथ्थूजींना फोन केला.

नथ्थूजी साठीचे, चौथी शिकलेले, कामाला पक्के. दुसऱ्याच दिवशी ते ब्रह्मपुरीला जाऊन अमरच्या कॅफेत उभे राहिले आणि केवळरामच्या पोरीनं लिहिलेलं छापून द्या म्हणाले. त्या दिवशी कॅफेतला एकच संगणक चालू होता. प्रिंटर त्यालाच जोडलेला होता, पण त्यात मराठी अक्षरं बसवलेली नव्हती. पडद्यावरही चौकोन, कागदावरही चौकोन.

"हे का हाये?" नथ्थूजींनी विचारलं.

"मराठीच आहे काका. याच्यात दिसत नाही फक्त."

"दिसत नाई तं मराठी कशी?"

अमरने समजावून सांगायचा प्रयत्न केला. नथ्थूजींनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. त्यांच्या दृष्टीने पुरावा हातात आला होता. मजकूर काय, तो लिहिणाऱ्याच्या तोंडून निघणारच होता. समाजाची रीतच तशी होती.

ती रीत अशी. पिंपळबोडीत बोललेल्या शब्दावरून भांडण आलं, तर ज्याने तो उच्चारला त्याच्याच तोंडून तो बैठकीत तीनदा ऐकायचा. तीनही वेळा जे सारखं निघेल, ते उभं राहतं. जे बदलेल, ते पुसलं जातं. उभं राहिलेलं खोटं आहे असं ज्याला वाटतं, त्याने उठून तसं सांगायचं आणि मग निवाडा करायचा. प्रत्यक्षात गोष्ट तिथपर्यंत जातच नाही. पहिल्यांदा माणूस शिवी जशीच्या तशी सांगतो, दुसऱ्यांदा तिची धार कमी होते, तिसऱ्यांदा ती जवळपास खुशालीची चौकशी होऊन जाते. मग नारळ फुटतो. भांडण मिटवण्याची ही सोय आहे, आणि ती सगळ्यांना माहीत आहे.

केवळरामलाही माहीत होती. शनिवारी संध्याकाळी, चुलीवर भात शिजत असताना, त्याने मुलीला समोर बसवलं.

"हे पाय. पयल्यांदा जसं हाये तसं सांग. दुसऱ्यांदा जाळ्याचं सोडून दे. तिसऱ्यांदा नुसतं चिमन्यायचं सांग. चिमन्यायले कोनी समाजाबाहेर काढत नाई."

"अन् कॉम्प्युटरवरचं?"

"ते बी मिटव. कागदावर तं डब्बेच हायेत. कोनाले का कळते?"

"बाबा, त्याच्यात खोटं का हाये?"

"खोटं हाये म्हनलं का मी?"

रीताची आई मैना भात ढवळत होती. मान वर न करता ती म्हणाली, "तुह्या बापाले तलाव सोडून दुसरं काही येत नाई, रीता. येवढं ध्यानात ठेवजो. बाकी तुह्या मनानं कर."

रीताने काही कबूल केलं नाही. केवळरामने पिशवीत नारळ मात्र भरून ठेवला.

रविवारी सव्वादहाला, चौकोनांचा कागद खाली ठेवून, रीताने पहिल्यांदा सांगितलं. जसं लिहिलं होतं तसंच, पुस्तकी मराठीत:

"आमच्या गावात समाजमंदिराच्या आढ्याला एक जाळं टांगलेलं आहे. ते बिरजूकाकांचं आहे. काका वारल्यावर काकू ते घेऊन तलावात उतरली, म्हणून समाजाने ते काढून घेतलं. मुलगा मोठा झाला की परत देऊ, असं तिला सांगितलं. काकूला दोन मुली आहेत. तीन वर्षं झाली. जाळ्यात चिमण्यांनी घरटं केलं आहे. तलावात माजलेली बेशरमाची झुडपं बायका उपटतात. मासे डोक्यावर घेऊन गावोगाव बायका फिरतात. पण जाळ्याला बाईचा हात लागला की तलाव विटाळतो म्हणतात. हे तलावाला कोणी विचारलं आहे का?"

ती थांबली. बैठकीतली बहुतेक माणसं वर बघत होती. बायकांच्या डोक्यावर, पत्र्याखालच्या आढ्याला जाळं होतंच. त्याच्या घडीतून वाळलेल्या गवताच्या काड्या बाहेर आल्या होत्या. रोज त्याच्याखालून जाणाऱ्या माणसांनी ते त्या सकाळी एकत्र पाहिलं.

गावात इंटरनेट नव्हतं. तोवर हा मजकूर पिंपळबोडीतल्या एकाही बाईने वाचलेला किंवा ऐकलेला नव्हता. पोरीनं समाजाविरुद्ध काहीतरी लिहिलं, एवढंच त्यांच्या कानावर होतं. काय लिहिलं, ते आता बैठकीनेच त्यांना ऐकवलं होतं, आणि रीतीप्रमाणे अजून दोनदा ऐकवणार होती.

"दुसऱ्यांदा," नथ्थूजी म्हणाले. "सावकाश. जसं आठवते तसं."

केवळराम मुलीकडे बघत होता. रीताने डोळे समोरच्या भिंतीवर ठेवले आणि पुन्हा सुरुवात केली. आढं, बिरजूकाका, काकू, मुलगा मोठा झाला की. शब्द तेच, क्रम तोच.

"काकूला दोन मुली आहेत. तीन वर्षं झाली."

"चार," मागून आवाज आला.

"कोन बोललं?"

"मी." कमळाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. बिरजूची बायको. जाळं त्यांच्याच घरचं. "चार झाले. येत्या पोळ्याले पाच होतीन."

"बाई, मधात बोलाचं नाई. ऐकनं चालू हाये."

"मंग बराबर ऐका."

रीता गोंधळली. २००४ साली ती आरमोरीला मावशीकडे राहून दहावी शिकत होती. परत आली ती पुढच्या वर्षी. समाजमंदिरात जाळं पाहिलं ते तेव्हा, आणि वर्षं मोजली तीही तिथपासून. कमळाबाईंना कधी विचारलं नव्हतं. तिने उरलेली वाक्यं जशीच्या तशी पूर्ण केली, पण आवाज थोडा खाली आला होता.

नथ्थूजींनी चहा सांगितला. रीतीत चहा बसत नव्हता. त्यांनी केवळरामला दाराबाहेर नेलं.

"पोरीले सांग, उतर म्हनाव आता. दोनदा झालं. मले का तुमाले बाहेर काढाची हौस हाये? मले दुपारी वडस्याले लगनाले जाचं हाये."

"माह्यं ऐकते का ते?" केवळराम म्हणाला.

"मंग मैनाबाईले सांग."

"तिनं कालच सांगतलं. तुह्या मनानं कर म्हने."

 नथ्थूजी कप विसळून आत गेले.

अकराला दहा मिनिटं असताना रीताने तिसऱ्यांदा सांगायला घेतलं. पहिली पाच वाक्यं बदलली नाहीत. सहाव्याला ती थांबली. मागे वळून कमळाबाईंकडे पाहिलं.

"चार वर्षं झाली," ती म्हणाली. आणि पुढचं सगळं जसंच्या तसं. चिमण्या, बेशरम, डोक्यावरचे मासे, तलाव.

शेवटचा शब्द संपायच्या आत नथ्थूजींनी मांडीवर थाप मारली. "बदललं. दोनदा तीन, आता चार. बदललं ते पुसलं. झालं. केवळराम, नारळ आन."

बैठक सैल झाली. लोक पाय मोकळे करू लागले. केवळरामने पिशवीत हात घातला. घर वाचलं होतं.

"का पुसलं, नथ्थूभाऊ?" कमळाबाई उठून उभ्या राहिल्या होत्या.

"पोरीनं लिवलेलं पुसलं. तुमी बसा आता."

"तिनं लिवलेलं 'तीन' पुसलं. ते पुसाच पाह्यजे, चुकीचं होतं. 'चार' मी सांगतलं. ते काऊन पुसता? चार पुसलं तं माह्यं जाळं चार वर्ष कुठी होतं?"

"नियम हाये बाई. बदललं का पुसलं."

"तो नियम अर्धा सांगून राह्यला तू."

हे बोलणाऱ्या इतवारीबाई. सत्तरीच्या पुढच्या. गावात सून म्हणून आल्यापासून एकही बैठक त्यांनी चुकवलेली नव्हती. बसल्या जागेवरूनच बोलल्या.

"तुह्या बापाच्या टायमापासून मी ऐकून राह्यली, नथ्थू. बदलते येवढंच पुसते. बाकीचं उभं राह्यते. तुह्या बापानं पोचूले तीन शिव्या देल्ल्या होत्या. तिसऱ्या खेपेले एक बदलली. दोन उभ्या राह्यल्या. त्या दोनीसाठी त्यानं पोचूच्या पाया पडून नारळ फोडला, या इथी. का दोन्ही पुसल्या होत्या?"

हसू फुटलं, पुरुषांतही. नथ्थूजींच्या वडिलांची तोंडाची ख्याती अजून गावात होती. नथ्थूजी हसले नाहीत. पण रीत मोडायला ते बसले नव्हते, ती चालवायला बसले होते. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"बरं," ते म्हणाले. "वर्षाचा आकडा पुसला. बाकी उभं हाये. आता रीतीनं विचारतो. जे उभं राह्यलं, ते खोटं हाये असं ज्याले वाटत असन, त्यानं उठावं."

समाजमंदिरात दीडशेच्या आसपास माणसं होती. कोणी उठलं नाही. जाळं डोक्यावर होतं. ते तिथे नाही, असं कोणाला म्हणता येणार नव्हतं. बेशरमाची झुडपं पुरुषांनी उपटली, असंही कोणाला म्हणता येणार नव्हतं, कारण उपटणाऱ्या तिथेच बसल्या होत्या.

अखेर झाडू नावाचा चाळिशीचा माणूस अर्धवट उठला. "खोटं नाई, नथ्थूभाऊ. पन घरातलं दुनियेले सांगाचं का? नागपूर, पुण्याचे लोक वाचून राह्यले. लाज कोनाची गेली?"

"तो अलग सवाल हाये," नथ्थूजी म्हणाले. "खोटं म्हनून उठला का तू?"

"नाई."

"मंग बस."

झाडू बसला. नथ्थूजींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वाअकरा. वडस्याचं लग्न साडेबाराचं होतं. खोटं ठरलं नाही म्हणून निवाडा करता येत नव्हता, पुसलं गेलं नाही आणि पाया कोणी कोणाच्या पडायचं तेही ठरत नव्हतं, म्हणून नारळही फोडता येत नव्हता. अशी वेळ समाजावर याआधी आली नव्हती. त्यांनी बैठक तहकूब केली. केवळरामचा नारळ न फुटता घरी परत आला.

मंगळवारी रीता कॅफेत गेली. ऑर्कुटवरची चौसष्ट उत्तरं दुव्याबरोबर नजरेआड झाली होती, पण तिच्या ब्लॉगखाली नवी सतरा आली होती. त्यांतली अकरा शिव्यांची होती. मजकूर पुसण्याचं बटण जिथे होतं तिथेच होतं. तिने 'तीन'च्या जागी 'चार' केलं आणि खाली लिहिलं: 'दुरुस्ती. जाळं टांगून चार वर्षं झाली आहेत, तीन नाही. ही चूक ज्यांचं जाळं आहे त्यांनी दाखवून दिली. मी त्यांना आधी विचारायला हवं होतं.' त्याच्याखाली, पहिल्यांदाच, स्वतःचं नाव घातलं.

शुक्रवारी, १३ फेब्रुवारीला, त्या दुरुस्तीखाली एक उत्तर आलं होतं. 'चार बरोबर आहे. २००४, पोळ्याचा दुसरा दिवस. जाळं टांगायला आढ्यावर मी चढलो होतो. नथ्थूमामांनी खालून दोरी दिली होती. मिथुन, पिंपळबोडी.' कम्युनिटीवर काढून टाकलेला दुवा मात्र त्याने परत लावला नाही. अजूनही लावलेला नाही.

तहकूब बैठक मार्चच्या पहिल्या रविवारी भरली. रीताच्या घराचा विषय तिथे निघाला नाही. विषय निघाला तो जाळ्याचा. कमळाबाईंचं जाळं त्यांना परत द्यावं, पण त्यांनी ते पाण्यात टाकू नये, असं ठरलं. झाडू शिडी आणायला निघाला, तेव्हा बायकांनी त्याला थांबवलं. घरट्यात अंडी होती.

म्हणून जाळं २६ एप्रिलला, पिल्लं उडून गेल्यावर, खाली उतरलं. उंदरांनी ते दोन ठिकाणी कुरतडलं होतं. कमळाबाईंनी आणि त्यांची थोरली मुलगी निशा हिने ते ओसरीत पसरून पंधरा दिवसांत विणून काढलं. येणारे-जाणारे थांबून बघत. एकदा नथ्थूजीही थांबले आणि गाठ ढिली पडते आहे असं सांगून गेले. गाठ खरंच ढिली पडत होती.

मे महिन्यात कमळाबाईंनी संस्थेच्या सभासदत्वासाठी अर्ज दिला. अर्ज रीताने लिहिला, वहीच्या कागदावर, निळ्या शाईने. अंगठा कमळाबाईंचा. सर्वसाधारण सभेने हात वर करून ठरवायचं असतं, म्हणून तो १२ जुलैच्या सभेपुढे आला. सभासद पंचेचाळीस, शेहेचाळिसावं घर कमळाबाईंचं. सगळे हजर होते. अर्जाच्या बाजूने बावीस हात वर झाले. केवळरामचा हात कोपरापर्यंतच वर गेला, पण तो मोजला गेला. विरोधात बावीस. उरले नथ्थूजी, सभेचे अध्यक्षही तेच.

"तुमचा हात, नथ्थूभाऊ?" झाडूने विचारलं.

"विचार करून सांगतो," नथ्थूजी म्हणाले आणि सभा संपवली.

रीताच्या त्या मजकुराखाली आता एकेचाळीस उत्तरं आहेत. शेवटचं २४ जुलैचं आहे. आरमोरी तालुक्यातल्या कोणीतरी, नाव न देता, लिहिलं आहे: 'आमच्या गावी दोन टांगलेली आहेत. किती वर्षं झाली ते विचारून सांगते.'

तलावात या महिन्यात मत्स्यबीज सोडलं गेलं. मोठी ओढ, म्हणजे सगळ्यांनी मिळून जाळी ओढून मासे काढणं, दिवाळीनंतर होईल. ३१ जुलैपर्यंत नथ्थूजींनी आपलं मत सांगितलेलं नाही.